अप्पांचा पायगुण

"या फरशीला फसवणारा पाय अजून जन्माला यायचाय," पराग मोहोळकर म्हणाला आणि टाळ्यांसाठी थांबला. टाळ्या पडल्या.

पुण्यातलं ते सभागृह रविवारी सकाळीच गच्च भरलं होतं. खुर्च्यांवरची सगळी माणसं पन्नाशी-साठीतली. सगळ्यांचे आईवडील नव्वदीच्या अलीकडे-पलीकडे, कुठल्या कुठल्या गावात स्वतःच्या घरात राहणारे आणि फोनवर 'आम्हाला काय धाड भरलीय' एवढंच सांगणारे. म्हणजे परागच्या दृष्टीने पिकलेलं गिऱ्हाईक. पराग स्वतः एकोणसाठचा. केस रंगवणं त्याने मुद्दाम सोडलं होतं, कारण म्हाताऱ्यांच्या वस्तू पांढऱ्या केसांच्या माणसाने विकल्या तर जास्त खपतात, असं तन्वीने शोधून काढलं होतं. तन्वी सबनीस ही त्याची भागीदार. दोघांनी मिळून ही फरशी बाजारात आणली होती. नाव 'पायगुण'.

"अंगठ्याचा ठसा जसा प्रत्येकाचा वेगळा, तशी चालही वेगळी," पराग सांगत होता. "टाच आधी टेकते की चवडा, भार आत पडतो की बाहेर, एका पावलामागून दुसरं किती वेळाने येतं. आपल्या फरशीच्या पोटात कागदासारखी पातळ जाळी आहे. पाऊल पडलं की ती दाब वाचते आणि कोण चाललंय ते ओळखते. डॉक्टर लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे, म्हातारपणी तब्येत बघायची तर चालण्याचा वेग बघा. पाय आधी ओढायला लागतो, माणूस त्यानंतर काही महिन्यांनी पडतो. माणसाला ते पडल्यावर कळतं, फरशीला आधीच कळतं. ती रोज शंभरापैकी गुण देते. तोच पायगुण."

"आणि गुण कमी पडले तर?" पुढच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या.

"चाळीसच्या खाली गेले की आमची सांभाळगाडी आपोआप घरी जाते आणि त्यांना सांभाळगृहात घेऊन येते. तुम्ही रजा काढायला नको, भांडायला नको, रडारड नको. म्हातारी माणसं नाहीच म्हणतात हो. खोटं बोलतात, तरणं असल्याचा आव आणतात. म्हणून आमच्या सेवकांना आम्ही एकच शिकवलंय. बोलण्यावर जायचं नाही, पावलावर जायचं."

यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

"आता माझ्याच घरचं बघा," असं म्हणून परागने पडदा उजळला. बार्शीच्या बैठ्या घराचा नकाशा आला. त्यात गुलाबी पावलं ओट्याशी तुरूतुरू फिरत होती. ती आई, इंदुमती मोहोळकर, वय एकोणनव्वद. हिरवी पावलं खोल्यांमधून रुबाबात येरझाऱ्या घालत होती. ते अप्पा, दिगंबर मोहोळकर, वय त्र्याण्णव, शाळेतले निवृत्त पीटीचे सर. पायगुण एक्याऐंशी.

सभागृहात 'बापरे' अशी एक झुळूक गेली. इतके गुण तिथल्या अर्ध्या लोकांना स्वतःला पडले नसते.

हिरवी पावलं मागच्या दाराशी जाऊन थांबली. "अप्पा झाडांना पाणी घालायला गेले," पराग कौतुकाने म्हणाला. तेवढ्यात पुढच्या दारातून निळी पावलं आत शिरली. दणदणीत, घाईची. पडद्यावर अक्षरं उमटली: 'पराग मोहोळकर, चिरंजीव. आत्ता भेटीला आले.'

मागून एक टोपीवाले गृहस्थ उठले. "साहेब, तुम्ही हितं हाय का बार्शीत?"

तन्वीने परागला पडद्यामागे ओढलं. "दर दुसऱ्या रविवारी आईवडिलांकडे जातोस ना तू? फरशीच दाखवते."

"जातो की."

"आजही गेलायस वाटतं," तन्वी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत मला सांग, फरशी खोटी का तू खोटा. दोन्ही असलात तर सांगूच नको. वकीलच बघते मी."

गाडी स्वतःच बार्शीच्या रस्त्याला लागली आणि परागला विचार करायला मोकळा वेळ मिळाला. हाच या आपोआप चालणाऱ्या गाड्यांचा दोष होता. पूर्वी निदान समोर बघावं लागायचं.

खरी गोष्ट अशी, की फरशी बसवली त्या दिवसानंतर पराग बार्शीला गेलेलाच नव्हता. आपल्या नावावर भेटी पडतायत हे त्याला बऱ्याच महिन्यांपूर्वी दिसलं होतं. आधी तो दचकला. मग त्याला वाटलं, यंत्राची काहीतरी चूक असेल. चूक आपल्या बाजूने आहे तर दुरुस्तीची घाई कशाला? तो त्या रविवारी फोन बंद करून दुपारपर्यंत झोपायचा, आणि सोमवारी लोक त्याला 'अजूनही जातोस, नशीबवान आहेत हो आईवडील' असं म्हणायचे. त्याला ते पटायलाही लागलं होतं. आजचा रविवार त्यातलाच, हे मात्र तो साफ विसरला होता.

पण चूक असती तर पावलं इतकी ऐटीत चालली नसती. त्याच्या घरात कुणीतरी होतं. त्याने स्वतः वाढवलेली, पाजलेली, शिकवलेली फरशी त्या कुणाला तरी पराग म्हणत होती. परागला आयुष्यात प्रथमच फरशीचा राग आला.

बार्शीच्या घराच्या पायरीवर त्याने पाय ठेवला तशी दारातून पाऊलताई बोलली. पाऊलताई म्हणजे फरशीचा आवाज. गोड, समजूतदार, माहेरी आलेल्या बहिणीसारखा.

"नमस्कार. आपण कोण?"

"मी पराग."

पाऊलताईने क्षणभर विचार केला. "माफ करा. परागदादा आत जेवायला बसलेत."

"अगं मी पराग! मी तुला बनवलंय!"

"एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी नसतो," पाऊलताई म्हणाली. हे वाक्य तिला परागनेच शिकवलं होतं. "कृपया पायरीवरून उतरा. नाहीतर शेजाऱ्यांना कळवावं लागेल."

आतून आईचा आवाज आला. "पराग, अजून एक धपाटं घे रे. लाजू नको, दही आहे भरपूर."

आई हे वाक्य आपल्याला शेवटचं कधी म्हणाली ते त्याला आठवेना. आणि आत कुणीतरी ते धपाटं घेत होतं. पुन्हा दही मागितल्याचाही आवाज आला.

मागे जायच्या बोळाला कुलूप होतं. पराग भिंतीवर चढला. चढताना त्याला तो दहावीत असल्यासारखं वाटलं, उतरताना मात्र वाटलं नाही. डावा पाय धुण्याच्या दगडावर मुरगळला, उजवा पाण्याच्या हौदात गेला. त्याचा बूट आतच राहिला, तो काढायला वाकला तर दुसराही पायातून सुटून आत पडला. मागच्या दाराशी अप्पांच्या सपाता होत्या, घरात वापरायच्या, रबरी तळाच्या. त्याने त्या पायात घातल्या आणि डावा पाय ओढत आत शिरला.

"आलात का दिगंबरराव?" पाऊलताई म्हणाली. "आज पाय जड दिसतोय."

परागचं लक्षच नव्हतं. स्वयंपाकघरात पाटावर एक टकलू म्हातारा बसला होता. पायात बूट, हातात धपाटं, मिशांना दही. बूट परागचे होते. समोर अप्पा चाकांच्या खुर्चीत बसले होते, दुकानदार बसतात तसल्या. मांडीवर शाल, गळ्यात शिट्टी.

"बाई!" आई म्हणाली. "खरा आला."

"हा कोण?" पराग ओरडला.

"हा बब्रुवान. अप्पांचा विद्यार्थी. रिटायर कंडक्टर." आईने तवा खाली उतरवला. "आणि तू ओरडू नको. तुझ्याच नावाने जेवतोय, तुझ्यापेक्षा सरळ जेवतो."

"नमस्कार," बब्रुवान उठत म्हणाला. "मी दर दुसऱ्या रविवारी पराग असतो. बाकी वेळ सर. मागच्या दाराला सपाता काढायच्या, पुढनं बूट घालून यायचं."

"म्हणजे?"

अप्पांनी खुर्ची पुढे सरकवली. "पऱ्या, माझा गुडघा गेला. कायमचा. फरशी बसली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. उभा राहिलो की घर फिरतं."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगणारच होते," आई म्हणाली. "पण आधी म्हटलं, या पाऊलताईला विचारावं. म्हटलं, काय गं, यांचे गुण कमी झाले तर काय होतं? तर ती म्हणाली, चाळीसच्या खाली गेले की गाडी येईल आणि दिगंबररावांना कायमचं घेऊन जाईल, चिरंजीवांनी तशी परवानगी दिलीय. मी म्हटलं, आणि माझं? म्हणाली, तुमचे गुण चांगले आहेत, तुम्हाला इथेच राहता येईल. कसं गोड बोलते रे. 'अभिनंदन' म्हणाली."

फरशी बसवताना त्याने दोघांचे अंगठे घेतले होते. 'फुटली तर बदलून मिळेल, त्यासाठी' असं सांगून.

"सत्तर वर्षं झाली आम्हाला एका घरात," अप्पा म्हणाले. "माझं घोरणं तिला लागतं, तिची बडबड मला लागते. तू आम्हाला वेगवेगळ्या गावाला ठेवणार होतास, पऱ्या. अंगठ्यावर."

"तुमच्या भल्यासाठी!"

"तर! म्हणून मग आम्ही पण आमच्या भल्यासाठी केलं," आई म्हणाली. "आधी शेजारच्या शेळीच्या पायात यांच्या सपाता बांधून बघितल्या. फरशी म्हणाली, दिगंबरराव आज आनंदात दिसतात. पण शेळीने लेंड्या टाकल्या, तेव्हा म्हणाली, दिगंबररावांचं काहीतरी सांडलंय. मग बब्रुवानला बोलावलं."

"महिना काढला सरांनी माझा," बब्रुवान म्हणाला. "शिट्टी मारून. टाच आधी, टाच आधी! शाळेत मी परेडमध्ये नापास झालो हुतो. आता पास."

फरशीचं असं होतं, की म्हाताऱ्यांची चाल बदलत जाते म्हणून ती रोज थोडं थोडं नवं शिकायची. बब्रुवान आधी अप्पांसारखा चालला, मग हळूहळू स्वतःसारखा चालायला लागला, आणि फरशीला वाटलं दिगंबरराव सुधारले. खालचा मूळ ठसा मात्र ती पुसत नसे. पहिल्या दिवशी अप्पा जसे चालले होते, डावा पाय किंचित ओढत, ते तिने खोल जपून ठेवलं होतं. ही सोय परागनेच केली होती. जुनी ओळख जाऊ नये म्हणून.

"आणि अप्पा या खुर्चीत फिरतात ते फरशीला कळत नाही?"

"चाकं बघून ती मला झाडू-यंत्र समजते," अप्पा म्हणाले. "वर्ष झालं मी झाडू आहे. कोपरे नीट घेत चला, असं दोनदा बोललीय मला."

"आणि मी? माझं सोंग कशाला?"

आई ओट्याकडे वळली. "मुलगा भेटायला आला नाही की दोघांचेही गुण कापते ती. एकटेपणाचे. तुझाच नियम ना? आला नाहीस. मग आणला तुला."

"पण त्याच्या चालीला फरशी फसली कशी?"

"तू फरशी बसवायला आलास तेव्हा बूट घालून अख्ख्या घरात फिरलास, देव्हाऱ्यापासून चुलीपर्यंत. बूट घालून माझ्या स्वयंपाकघरात येणारा माणूस म्हणजे तू, एवढंच शिकली ती. ते बूट मी पंपाखाली धुतले, वाळले नाहीत म्हणून तू ठेवून गेलास. तेच याच्या पायात आहेत. अजून मी डोळे मिटूनच वाढते."

"बुटाचा तळ सुटायला आलाय, काकू," बब्रुवान म्हणाला. "भाताची खळ लावलीय."

परागला राग आवरेना. आईवडिलांनी दगा दिला, फरशीने दगा दिला, बुटांनीसुद्धा दिला. एवढ्या लोकांसमोर त्याची शोभा झाली ती एका कंडक्टरमुळे. तो डावा पाय ओढत घरभर फिरायला लागला.

"माझ्या नावाने बाहेरच्या माणसाला जेवायला घालता! मला कळवत नाही! उद्या मी ही जाळी उघडतो, सगळं खरं ते नोंदवतो, आणि अप्पा, तुम्ही येताय सांभाळगृहात. छान आहे तिकडे, बाग आहे."

"दिगंबरराव, पायगुण त्रेपन्न," पाऊलताई म्हणाली. "जरा बसता का?"

"पराग, बस," आई घाईने म्हणाली. "चालू नको."

"का बसू?"

"थांब!" अप्पांनी शिट्टी फुंकली. "पऱ्या, आहेस तिथे थांब! पायात काय आहे तुझ्या ते बघ!"

"शिट्टी नका मारू माझ्यावर! एकोणसाठ वर्षांचा आहे मी! मला चालायला शिकवू नका!" पराग म्हणाला आणि मधल्या खोलीला अजून एक फेरी मारली.

फरशीपुढे गणित सोपं होतं. परागदादा तर पाटावर बसले होते. मागच्या दारातून गेलेले दिगंबरराव मागच्याच दारातून परत आले होते. सपाता त्यांच्या, वजन त्यांच्याजवळचं, टाच बाहेर पडायची सवय मोहोळकरांची, आणि डावा पाय पहिल्या दिवसासारखाच ओढलेला. तिने जुना ठसा वर काढला, ताडून बघितला आणि खात्री केली.

"दिगंबरराव, पायगुण अठ्ठावीस. घाबरू नका. गाडी कोपऱ्यावर आली आहे."

परागने खाली सपातांकडे बघितलं. मग त्याला कळलं.

दारात गुलाबी सदऱ्यातले दोन दांडगे सेवक उभे होते. छातीवर लिहिलं होतं, 'बोलण्यावर नाही, पावलावर'. दोघांनी परागला बगलेत धरलं.

"चला अप्पा."

"मी अप्पा नाही! मी पराग मोहोळकर! ही कंपनी माझी आहे!"

"हो अप्पा. तुमचीच," पहिला म्हणाला. "मागच्या आठवड्यात नेलेले आजोबा म्हणत होते रेल्वे त्यांची आहे."

"माझं वय बघा!"

"त्र्याण्णवला फार छान ठेवलंय स्वतःला," दुसरा म्हणाला. त्याने हातातल्या पाटीवर बघितलं. "मुलगा घरात आहे असं दाखवतंय. पराग कोण?"

बब्रुवानने बुटासकट पाय पुढे केला. पाऊलताई म्हणाली, "बरोबर."

"आई!" पराग ओरडला. "सांग यांना! सांग मी कोण!"

सेवकांनी आईकडे बघितलं. आईने एकदा परागकडे बघितलं. मग चाकांच्या खुर्चीकडे. अप्पा खाली मान घालून अगदी हळू, झाडू-यंत्रासारखे, कोपऱ्याकडे सरकत होते. तिने नुसतं 'हा माझा मुलगा' म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न एकच होता. मग दिगंबरराव कुठायत?

आईने डोक्यावरून पदर घेतला.

"हे आमचे हे," ती म्हणाली. "सांभाळून न्या. संध्याकाळी चिडचिड करतात, लक्ष देऊ नका."

आयुष्यात त्याने अनेकांना अनेक गोष्टी सांगून पटवलं होतं, पण आई खोटं बोलताना त्याने कधी बघितली नव्हती. ती फार चांगली बोलत होती.

"नवीन माणसाला मोबाईल, घड्याळ काही मिळत नाही, काकू," सेवक सांगत होता. "महिनाभर भेटही नाही, नाहीतर रमत नाहीत. परत न्यायचं असेल तर मुलाने स्वतः यायचं. त्याचं पाऊल दाराने ओळखलं की आम्ही सोडतो. वरचेच नियम आहेत."

"कुणी केले हो असले नियम?" आई म्हणाली.

मग तिने चार धपाटी फडक्यात बांधली, गाडीपाशी आली आणि परागच्या मांडीवर ठेवली. खिडकीतून आत वाकून त्याचा शर्ट नीट केला.

"महिना झाला की पहिल्या रविवारी पाठवते बब्रुवानला," ती कानात म्हणाली. "तोवर राहा की. बाग आहे म्हणालास ना? आणि सुटलास की आधी घरी ये. चालत ये, खरा, तुझ्या पायांनी. धपाटी असतात रविवारी."

"आणि अप्पा?"

"अप्पा झाडू आहेत रे," आई म्हणाली. "त्यांना कोण नेणार."

गाडी हलली. वाटेत परागच्या मनगटावर तन्वीचा निरोप आला, आणि सेवकाने घड्याळ काढून घेण्याआधी त्याला तो वाचता आला. 'फरशी तपासली. सकाळी काही घोळ झाला असेल, आता सगळं बरोबर आहे. तू खरंच आईवडिलांकडे आहेस असं दाखवतेय. माझीच चूक झाली, माफ कर. राहा हवे तितके दिवस.'

सांभाळगृहात बाग होती. पण फक्त पन्नासच्या वर पायगुण असलेल्यांना फिरायला देत. परागचा घोटा सुजला होता आणि त्याचा पायगुण बावीसवर आला होता. तो रोज सगळ्यांना सांगायचा की ही फरशी मी बनवली. शेजारच्या खाटेवरचे रेल्वेवाले आजोबा समजुतीने मान हलवायचे.

महिना संपला त्या रविवारी बब्रुवान त्याला सोडवायला आला. सांभाळगृहाच्या पायरीवर त्याच्या उजव्या बुटाचा तळ निघाला.